मनाची गोळी आणि शरीराचं गाऱ्हाणं

आन्हेल लुईस मोन्तेहो आणि त्यांच्या सहकारी मानसोपचारतज्ज्ञांनी १९९७ साली स्पेनमधला एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ३४४ स्त्री-पुरुष होते. फ्लुओक्सेटिन, पॅरोक्सेटिन, सर्ट्रालिन आणि फ्लुवोक्सामिन या नैराश्यावरच्या नव्या पिढीच्या औषधांपैकी एक औषध ते घेत होते. गोळी सुरू झाल्यापासून कामजीवनात बिघाड झाला, असं त्यांच्यातल्या १४ टक्के लोकांनी आपणहून डॉक्टरांना सांगितलं. मग डॉक्टरांनी प्रत्येकाला थेट आणि नेमके प्रश्न विचारले, तेव्हा तोच आकडा ५८ टक्क्यांवर गेला.

माणसं तीच होती, गोळ्याही त्याच होत्या. या दोन आकड्यांमध्ये जे ४४ टक्के लोक आहेत, त्यांना त्रास होत होता, पण विचारल्याशिवाय त्यांनी तो सांगितला नव्हता. नैराश्यावरच्या औषधांच्या लैंगिक दुष्परिणामांचा इतिहास बराचसा या न बोललेल्या लोकांचा इतिहास आहे.

आधी त्रास कोणता ते पाहू. काहींची कामेच्छा मंदावते. तो विचारच मनात येत नाही. पुरुषांत लिंगाला पुरेशी ताठरता येत नाही किंवा आलेली टिकत नाही. स्त्रियांत योनीतला ओलावा कमी होतो आणि संबंध दुखरा होतो. या औषधांची सगळ्यांत ठळक खूण मात्र शेवटच्या टप्प्यावर दिसते. वीर्यपतनाला फार उशीर लागतो किंवा ते होतच नाही, आणि बाईला तृप्तीच्या टोकापर्यंत पोचता येत नाही. काहींना तिथली संवेदनाच बोथट झाल्यासारखी वाटते. मन हलकं व्हायला गोळीला दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. हा त्रास मात्र पहिल्या काही दिवसांतही सुरू होऊ शकतो. त्यामुळे पुष्कळांना फायद्याआधी तोटाच दिसतो, आणि गोळी सोडून द्यायचा मोह नेमका तिथेच होतो.

क्षयाच्या वॉर्डापासून प्रोझॅकपर्यंत

नैराश्यावरचं औषध सापडलं ते दुसरंच काही शोधताना. १९५२ साली न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरच्या सी व्ह्यू रुग्णालयात क्षयाच्या रुग्णांना इप्रोनियाझिड नावाचं नवं औषध दिलं जात होतं. दीर्घ आजाराने खचलेली ही माणसं एकाएकी उत्साही झाली, पोटभर जेवू लागली, वॉर्डात नाचू लागली. नेथन क्लाइन या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने १९५७ साली तेच औषध नैराश्यावर वापरल्याचे निष्कर्ष मांडले. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमधल्या म्युन्स्टरलिंगेनच्या मनोरुग्णालयातून रोलांड कून यांनी इमिप्रामिनबद्दल लिहिलं. हे औषध आधी स्किझोफ्रेनियासाठी तपासलं गेलं होतं. तिथे ते निरुपयोगी ठरलं, पण नैराश्यात गुणकारी निघालं.

या जुन्या औषधांचे दुष्परिणाम भरपूर होते. तोंड कोरडं पडायचं, बद्धकोष्ठ व्हायचं, लघवी अडायची, उभं राहिल्यावर घेरी यायची. इप्रोनियाझिडच्या गटातली औषधं घेणाऱ्याने मुरवलेलं चीज खाल्लं तरी रक्तदाब एकदम चढायचा. जिवावर बेतणाऱ्या एवढ्या गोष्टींच्या गर्दीत कामजीवनाची तक्रार कोणाच्या लेखी नव्हती.

ती काटेकोरपणे मोजली गेली ती १९८७ मध्ये, लंडनला. आयझॅक मार्क्स यांचा गट मंत्रचळाच्या म्हणजे ओसीडीच्या रुग्णांवर क्लोमिप्रामिनची चाचणी घेत होता. काहींना खरं औषध, काहींना तशीच दिसणारी औषधविरहित गोळी. आधी ज्यांचं कामजीवन व्यवस्थित होतं, त्यांच्यापैकी क्लोमिप्रामिन घेणाऱ्या जवळजवळ सगळ्यांना कामतृप्ती पूर्णपणे किंवा अंशतः अशक्य झाली. खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी कोणालाच हा त्रास झाला नाही. याच चाचणीत आणखी एक गोष्ट दिसली. समोरासमोर बसून विचारल्यावर जितक्यांनी त्रास सांगितला, त्याहून कितीतरी कमी लोकांनी तो छापील प्रश्नावलीत नोंदवला होता.

त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फ्लुओक्सेटिनला परवानगी दिली आणि १९८८ च्या जानेवारीत ते ‘प्रोझॅक’ या नावाने बाजारात आलं. मागोमाग सर्ट्रालिन, पॅरोक्सेटिन, सिटॅलोप्रॅम, एस्सिटॅलोप्रॅम आली. यांना एकत्रितपणे एसएसआरआय म्हणतात. जुन्या औषधांच्या मानाने ही खूपच सुरक्षित होती. जास्त गोळ्या खाऊन जीव द्यायचा प्रयत्न झाला तरी माणूस वाचण्याची शक्यता मोठी होती. साधा एमबीबीएस डॉक्टरही ती लिहून देऊ शकत होता. औषधनिर्मात्यांच्या सुरुवातीच्या चाचण्यांत लैंगिक त्रासाचे आकडेही छोटे होते, कारण रुग्णाने आपणहून जे सांगितलं तेच बहुतेक चाचण्यांत दुष्परिणाम म्हणून टिपलं जाई. गोळ्या लाखो घरांत पोचल्या आणि आकडा किती अपुरा होता ते हळूहळू उघड झालं.

मोन्तेहो यांच्या गटाने २००१ साली त्याहून मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. १,०२२ रुग्ण होते आणि सगळ्यांना तेच प्रश्न विचारले होते. एकूण ५९ टक्के लोकांना लैंगिक त्रास होता. सिटॅलोप्रॅम घेणाऱ्यांत तो ७३ टक्के, पॅरोक्सेटिनमध्ये ७१, व्हेन्लाफॅक्सिनमध्ये ६७, सर्ट्रालिनमध्ये ६३, फ्लुओक्सेटिनमध्ये ५८. मिर्टाझापिन या वेगळ्या पद्धतीने काम करणाऱ्या औषधात हे प्रमाण २४ टक्के होतं, आणि मोक्लोबेमाइडमध्ये जेमतेम ४. त्रास पुरुषांत अधिक जणांना झाला. ज्या स्त्रियांना झाला त्यांच्यात तो अधिक तीव्र होता.

विचारल्याने त्रास वाढतो का?

पुष्कळ डॉक्टर हा विषय काढत नाहीत, त्यामागे केवळ संकोच नसतो. “आधीच सांगून ठेवलं तर रुग्ण त्याचीच धास्ती घेईल आणि नसलेला त्रास सुरू होईल,” असं त्यांचं म्हणणं असतं. हे म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. प्रोस्टेट वाढल्यावर देतात त्या फिनास्टेराइड या गोळीचा एक इटालियन अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. लैंगिक दुष्परिणाम होऊ शकतो असं ज्यांना आधी सांगितलं होतं, त्यांच्यापैकी सुमारे ४४ टक्क्यांनी तो झाल्याचं सांगितलं. ज्यांना सांगितलंच नव्हतं त्यांच्यात सुमारे १५ टक्क्यांनी. कामवासना हा मनाचा आणि शरीराचा इतका एकजीव व्यवहार आहे की नुसत्या भीतीनेही तो बिघडू शकतो.

पण नैराश्याच्या औषधांबाबत सगळं ओझं धास्तीवर टाकता येत नाही. लंडनच्या चाचणीत खोटी गोळी घेणारेही तेच प्रश्न ऐकत होते आणि त्यांना त्रास झाला नाही. स्पेनच्या अभ्यासात सिटॅलोप्रॅमवाल्यांना जे विचारलं तेच मोक्लोबेमाइडवाल्यांनाही विचारलं होतं. प्रश्नानेच त्रास निर्माण होत असता तर एका ठिकाणी ७३ आणि दुसरीकडे ४ हा फरक पडला नसता. अमेरिकेत या औषधांच्या माहितीपत्रकात आता डॉक्टरांना स्पष्ट सूचना आहे की औषध सुरू करण्याआधी कामजीवनाची चौकशी करा आणि नंतरही मुद्दाम विचारा, कारण रुग्ण आपणहून बोलेलच असं नाही.

विचारायचं कसं, यासाठीही साधनं आहेत. अ‍ॅरिझोना विद्यापीठात तयार झालेली एक छोटी प्रश्नावली जगभर वापरली जाते. तिच्यात पाचच प्रश्न आहेत: इच्छा किती होते, उत्तेजना किती सहज येते, ताठरता किंवा ओलावा कसा आहे, तृप्तीपर्यंत पोचता येतं का, आणि मिळणारं सुख समाधान देतं का. प्रत्येकाला एक ते सहा गुण. सगळं मिळून काही मिनिटांचं काम. गोळी सुरू करण्याआधी एकदा आणि दीड-दोन महिन्यांनी पुन्हा ती भरून घेतली, तर पुढचा बराच गोंधळ टळतो.

एकच रसायन, कामं अनेक

एसएसआरआय काय करतात? दोन मज्जापेशींच्या मधल्या फटीत सेरोटोनिन हे रसायन निरोप पोचवून झालं की पहिली पेशी ते परत शोषून घेते. ही औषधं ते परत शोषणं अडवतात, त्यामुळे फटीत सेरोटोनिन जास्त वेळ राहतं. पाटाला पाणी सोडलं की ते एकाच वाफ्यात जात नाही, उतार असेल तिकडे सगळीकडे पसरतं. गोळीने वाढलेलं सेरोटोनिनही फक्त मनःस्थिती सांभाळणाऱ्या केंद्रांपुरतं राहत नाही. शरीरातलं नव्वद टक्क्यांहून अधिक सेरोटोनिन तर आतड्यांत असतं. म्हणून गोळी सुरू केल्यावर पहिले काही दिवस मळमळतं.

कामजीवनाच्या बाबतीत सेरोटोनिनचा कल एकंदरीत आवर घालण्याकडे आहे. मेंदूच्या देठातून मज्जारज्जूत उतरणारे सेरोटोनिनचे तंतू वीर्यपतनाच्या प्रतिक्षिप्त क्रियेवर कायमचा अंकुश ठेवतात. गोळीने तो अंकुश आणखी घट्ट होतो आणि उशीर लागतो. दुसरीकडे इच्छा आणि सुखाची ओढ ही मुख्यतः डोपामिनची कामगिरी. सेरोटोनिनचे काही ग्राहक (रिसेप्टर), विशेषतः २अ आणि २क या नावांनी ओळखले जाणारे, चाळवले की डोपामिनचा प्रवाह मंदावतो. त्यातच प्रोलॅक्टिन हे संप्रेरक काही जणांत वाढतं आणि इच्छा आणखी मारतं. पॅरोक्सेटिन त्याशिवाय नायट्रिक ऑक्साइड तयार होण्याच्या क्रियेतही अडथळा आणतं. हाच वायू लिंगातल्या रक्तवाहिन्या सैल करून ताठरता आणतो.

कोणत्या औषधाने त्रास कमी होतो, तेही या यंत्रणेवरून समजतं. मिर्टाझापिन सेरोटोनिनचे हेच ग्राहक बंद करतं, बुप्रोपिऑन सेरोटोनिनच्या वाटेला न जाता डोपामिन आणि नॉरअ‍ॅड्रेनलिनवर काम करतं. म्हणून दोन्हींत लैंगिक त्रास तुलनेने थोडा.

दोष आजाराचा की गोळीचा?

नैराश्याने स्वतःच कामेच्छा मरते. ज्यांचे गोळ्यांचे उपचार अजून सुरू व्हायचे होते अशा नैराश्याच्या १३४ रुग्णांचा एक कॅनडियन अभ्यास १९९९ साली आला. त्यात ४० टक्क्यांहून अधिक पुरुषांची आणि सुमारे ५० टक्के स्त्रियांची कामेच्छा आधीच कमी झालेली होती. ज्या माणसाला जेवण गोड लागत नाही, पोराबाळांत मन रमत नाही, त्याला शय्यासुखाची ओढ कुठून राहणार? त्यात मधुमेह, उच्च रक्तदाब आणि त्यावरची काही औषधं, थायरॉइडचा बिघाड, दारू, तंबाखू, वय आणि नवरा-बायकोतला अबोला हे सगळे या तक्रारीत आपापला वाटा उचलतात.

त्यामुळे काळाचा क्रम महत्त्वाचा. आजारात इच्छा गेली होती, गोळीने मन सावरलं तशी ती परत आली, तर ती गोळीचीच कृपा. असंही पुष्कळांच्या बाबतीत घडतं. याउलट मन सुधारतंय, झोप लागतेय, कामावर जाणं सुरू झालंय आणि तरी शरीर साथ देत नाही, तर संशय गोळीवर. इच्छा आहे, ताठरताही आहे, पण शेवट होत नाही अशी तक्रार असेल, तर तो संशय आणखी बळावतो. नैराश्यात सहसा इच्छाच आधी जाते. सुरुवातीची नोंद असली की हा निवाडा सोपा होतो. नसली की डॉक्टर आजाराकडे बोट दाखवतो आणि रुग्ण गोळीकडे.

एकाचा दुष्परिणाम, दुसऱ्याचं औषध

ज्या पुरुषांना शीघ्रपतनाचा त्रास असतो, त्यांना हा उशीर हवाच असतो. मानसोपचारतज्ज्ञ त्यांना पॅरोक्सेटिनसारख्या गोळ्या देऊ लागले. डॅपोक्सेटिनची गोष्ट तर पुढचीच आहे. हे एसएसआरआय शरीरात चटकन वर चढतं आणि चटकन ओसरतं, म्हणून नैराश्यावर रोज देण्याच्या कामाचं नव्हतं. तोच अवगुण इथे गुण ठरला. संबंधाआधी एक ते तीन तास घ्यायची शीघ्रपतनावरची गोळी म्हणून २००९ साली फिनलंड आणि स्वीडनमध्ये तिला पहिली मान्यता मिळाली. आज ती भारतातही मिळते.

फ्लिबॅन्सेरिनचा प्रवास उलटा झाला. नैराश्यावरचं औषध म्हणून ते नापास झालं, पण काही स्त्रियांची कामेच्छा वाढल्याचं दिसलं. दोनदा नकार मिळाल्यावर २०१५ च्या ऑगस्टमध्ये, पाळी न गेलेल्या स्त्रियांच्या कमी कामेच्छेवर वापरायला अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. फायदा माफकच, आणि सोबत दारू घेतली तर रक्तदाब घसरून चक्कर येण्याचा धोका. तरी यातून एवढं ठरतं की या गोळ्या कामजीवनावर जे करतात ते भास नव्हे, औषधाचंच काम आहे.

मग करायचं काय?

पहिली गोष्ट, गोळी एकदम बंद करायची नाही. अचानक थांबवल्यास चक्कर, मळमळ, चिडचिड, झोपमोड, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं वाटणं असे त्रास होतात. त्याहून मोठा धोका म्हणजे आजार उलटतो, आणि नैराश्य हा जीव घेणारा आजार आहे. सोडायची असली तरी ती डॉक्टरांच्या सल्ल्याने, मात्रा उतरवत, काही आठवड्यांत सोडायची असते.

सौम्य त्रास असेल तर काही काळ थांबून पाहता येतं, पण आपोआप बरं होणारे थोडेच असतात. मन स्थिरावलं असेल तर डॉक्टर मात्रा कमी करून पाहतात. मात्रेबरोबर त्रासही पुष्कळदा उतरतो. हा उपाय साधा आहे, पण आजार डोकं वर काढतोय का याकडे त्या काळात घरच्यांचंही लक्ष हवं.

शनिवार-रविवार गोळीला सुट्टी द्यायची कल्पना अमेरिकेत १९९५ साली तपासली गेली. सर्ट्रालिन आणि पॅरोक्सेटिन घेणाऱ्यांना फायदा झाला, फ्लुओक्सेटिन घेणाऱ्यांना झाला नाही, कारण ते आणि त्यापासून तयार होणारं रसायन शरीरात कित्येक दिवस, आठवडेसुद्धा रेंगाळतं. पण पॅरोक्सेटिनसारखी गोळी दोन दिवस चुकली तरी वर सांगितलेले त्रास सुरू होऊ शकतात, आणि दोन दिवसांच्या सुट्टीची पुढे कायमची सुट्टी होते. म्हणून आज बहुतेक डॉक्टर या वाटेला जात नाहीत.

औषध बदलणं हा जास्त भरवशाचा मार्ग. बुप्रोपिऑन, मिर्टाझापिन, व्होर्टिओक्सेटिन, अ‍ॅगोमेलाटिन हे पर्याय आहेत आणि प्रत्येकाची आपली किंमत आहे. मिर्टाझापिनने वजन आणि झोप वाढते. बुप्रोपिऑन फिट येणाऱ्यांना देत नाहीत. १९८५ साली अमेरिकेत मान्यता मिळूनही फिटच्या धोक्यामुळे ते मागे घेतलं गेलं आणि मात्रेची मर्यादा ठरवून १९८९ मध्ये परत आलं. चालू गोळीमुळे आजार उत्तम आटोक्यात असेल तर ती न बदलता बुप्रोपिऑन जोडूनही देतात. ट्रॅझोडोन हे औषध कधी कधी झोपेसाठी दिलं जातं. त्याने क्वचित लिंगाची ताठरता उतरतच नाही. चार तास झाले तरी उतरली नाही, तर लाजत बसू नये, थेट रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावं. उशीर झाला तर कायमची इजा होते.

ताठरतेसाठी सिल्डेनाफिल उपयोगी पडतं. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत औषधामुळे त्रास झालेल्या ९० पुरुषांपैकी सिल्डेनाफिल घेणाऱ्या निम्म्याहून अधिकांना चांगला फरक पडला; खोटी गोळी घेणाऱ्यांत जेमतेम ४ टक्क्यांना. २००८ मध्ये ९८ स्त्रियांवरच्या चाचणीतही तृप्तीच्या बाबतीत फायदा दिसला. मात्र हृदयविकारासाठी नायट्रेटची गोळी, म्हणजे छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवतात ती, घेणाऱ्याने सिल्डेनाफिलला हातही लावू नये. रक्तदाब प्राणघातक घसरतो.

एक उपाय बिनऔषधाचा आहे. टेक्सास विद्यापीठात नैराश्याच्या गोळ्या घेणाऱ्या ५२ स्त्रियांवर केलेल्या, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात व्यायामाचा उपयोग दिसला. संबंधाच्या आधी अर्धा तास दमदार व्यायाम केल्यावर कामेच्छेला अधिक फायदा झाला. योनीच्या कोरडेपणासाठी औषधाच्या दुकानात मिळणारं वंगणही पुष्कळदा पुरतं.

गोळी थांबल्यावरही

बहुतेकांचा त्रास गोळी थांबली की काही दिवसांत किंवा आठवड्यांत जातो. पण थोड्या लोकांत तो जात नाही. जननेंद्रियांची बधिरता, सुख नसलेली तृप्ती, मेलेली इच्छा हे सगळं गोळी सोडल्यावर महिनोन्महिने, काहींच्या बाबतीत वर्षानुवर्षं टिकतं. २००६ च्या सुमारास वैद्यकीय नियतकालिकांत अशा रुग्णांच्या नोंदी येऊ लागल्या. “हे तुमच्या मनाचे खेळ आहेत,” किंवा “जुना आजार परत आलाय,” असं त्यांना वर्षानुवर्षं ऐकावं लागलं. २०१९ साली युरोपियन औषध नियामक संस्थेने या तक्रारींचा आढावा घेऊन, गोळी थांबवल्यावरही लैंगिक त्रास टिकल्याच्या नोंदी आहेत, असा इशारा या औषधांच्या माहितीपत्रकात घालायला सांगितलं. यावर खात्रीचा उपाय अजून सापडलेला नाही. ही शक्यता सांगून गोळी देणं आणि न सांगता देणं, यांत नीतीचा मोठा फरक आहे.

आपल्या घरात, आपल्या दवाखान्यात

महाराष्ट्रात र. धों. कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केलं आणि कामजीवनावर मराठीत उघड, शास्त्रशुद्ध लिहिलं. त्यासाठी खटले सोसले. १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. त्याला आता नव्वद वर्षं होऊन गेली. तरी आज आपल्या दवाखान्यात काय चालतं? बाई तपासायला आली तर सोबत सासू किंवा नणंद असते. पुरुष आला तर बाहेर पाऊण तासाची रांग असते. डॉक्टर विचारतात, “झोप कशी आहे? भूक? आणखी काही त्रास?” आणि उत्तर येतं, “नाही डॉक्टर, बाकी काही नाही.” महिनाभराने कळतं की ‘डोक्याच्या गोळ्या’ पंधरा दिवसांपूर्वीच बंद झाल्या.

पुरुषांच्या बाबतीत एक खास अडचण आहे. वीर्य म्हणजे शक्ती आणि ते गेलं की माणूस खंगतो, ही समजूत आपल्याकडे खोलवर आहे. ‘धातू जातो’ म्हणून झुरणाऱ्या रुग्णांच्या या आजाराला डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी १९६० साली ‘धात सिंड्रोम’ असं नाव दिलं. यांच्यातल्या पुष्कळांना नैराश्य असतं आणि त्यांना एसएसआरआय दिली जाते. आधीच ‘कमजोरी’च्या भीतीने पोखरलेल्या माणसाचं वीर्यपतन गोळीने लांबलं की त्याचा धीर सुटतो. मग भिंतीवर रंगवलेली ‘गुप्तरोग, हमखास इलाज’ ही जाहिरात त्याला जवळची वाटते. तिथे मिळणाऱ्या ‘शुद्ध आयुर्वेदिक’ म्हणवणाऱ्या पुड्यांत गुपचूप सिल्डेनाफिल मिसळल्याचे प्रकार अनेक देशांच्या औषध नियामकांनी उघडकीला आणले आहेत. जिभेखाली नायट्रेटची गोळी ठेवणाऱ्याने ती पुडी घेतली तर काय होईल, ते वर आलंच आहे.

स्त्रीला तर हा प्रश्न विचारलाच जात नाही. ती अविवाहित असेल, विधवा असेल, पन्नाशी ओलांडलेली असेल, तर तिला कामजीवन नाहीच असं परस्पर ठरवून टाकलं जातं. विवाहित असेल तर तिच्या सुखाची नोंद तिच्या नवऱ्याच्या तक्रारीतून होते. नवरा म्हणतो, “ही हल्ली जवळच येऊ देत नाही,” आणि घरात भलताच संशय शिरतो. दोघांना समोर बसवून “हे गोळीमुळे होतंय, प्रेम आटल्यामुळे नाही,” एवढं सांगितलं तरी पुष्कळ संसारांतली धुसफूस निवते.

कायदा या बाबतीत रुग्णाच्या बाजूने आहे. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा रुग्णाला त्याच्या आजाराची, उपचारांची आणि त्या उपचारांच्या ज्ञात दुष्परिणामांची माहिती मिळण्याचा हक्क देतो. याच कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. म्हणजे “या गोळीने संबंधांवर काही परिणाम होतो का?” असं विचारणं हा आगाऊपणा नाही, आणि सोबतच्या नातेवाइकांना दोन मिनिटं बाहेर बसायला सांगा असं म्हणणंही नाही.

तेव्हा तुम्ही किंवा तुमच्या घरचं कोणी या गोळ्या घेत असेल, तर पुढच्या भेटीआधी एका चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहा: गोळी सुरू होण्याआधी कामजीवन कसं होतं, बदल केव्हापासून झाला, आणि त्याचा तुम्हाला किती त्रास होतोय. तोंडाने बोलणं जड गेलं तर चिठ्ठी डॉक्टरांच्या हातात द्या. ते हसले किंवा उडवाउडवी केली तर दुसरे डॉक्टर शोधा. जवळपास कोणी नसेल तर १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर सरकारी सल्लासेवा फुकट मिळते. या त्रासावर इलाज पुष्कळ आहेत. ते सुरू व्हायला तो सांगावा लागतो, आणि तो सांगेपर्यंत गोळी चालू ठेवावी लागते.